कुर्डीची मोगू मुंबईला जाते

गाण्याच्या स्पर्धेसाठी मुलीला मुंबईला पाठवायचं म्हटलं, की आजही घरात पहिला प्रश्न येतो, सोबत कोण जाणार आणि उतरणार कुठे? शंभर वर्षांपूर्वी गाणाऱ्या मुलीपुढे याहून अवघड प्रश्न होता. तिला शिकवणार कोण?

आज बोलायचंय ते मोगूबाई कुर्डीकरांविषयी. गोव्यातल्या सांगे भागात कुर्डी नावाचं गाव होतं. ‘होतं’ असं का म्हणते, ते पुढे सांगते. तिथे १९०४ साली मोगूबाईंचा जन्म झाला. मुलीनं मोठी गायिका व्हावं, हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. तिनं १९१३च्या सुमारास मुलीला नाटक कंपनीत नेलं आणि दुसऱ्याच वर्षी ती माउली गेली. पोर जेमतेम दहा वर्षांची! पुढे एक कंपनी सुटली, दुसरी धरली, तीही सुटली. प्रकृती बिघडली म्हणून १९१९ साली मोगूबाई मावशीबरोबर सांगलीला आल्या.

सांगलीत त्या घरी एकट्याच रियाज करायच्या. त्याच वेळी जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ औषधोपचारासाठी सांगलीत राहिले होते. रस्त्यानं जाता-येता त्यांच्या कानावर हा आवाज पडे. एक दिवस ते घरात आले आणि गायला सांगितलं. हे कोण, हे मोगूबाईंना ठाऊकही नव्हतं. तालीम सुरू झाली. पण दीडेक वर्षात खाँसाहेब मुंबईला गेले, आणि १९२२ साली त्यांच्यामागे मोगूबाईही गेल्या. वय अठरा.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. मोठ्या उस्तादांच्या तालमीला मोठे आश्रयदाते असत आणि त्यांच्या अटीही असत. मोगूबाईंना खाँसाहेबांची तालीम मिळेना. त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या. मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. अल्लादिया खाँनी त्यांना गंडा बांधला तो १९३४ साली. मुंबईत पाऊल ठेवल्यानंतर बारा वर्षांनी! मला वाटतं, पदक आणि ढाल मिळवण्यापेक्षा ही बारा वर्षांची स्पर्धा कितीतरी कठीण. त्यात लग्न झालं, किशोरी आणि पाठची दोन मुलं झाली. १९३९ साली पती माधवदास भाटिया वारले. मग तीन मुलांचं पोट गाण्यावरच.

दौरे करायचे, शिकवण्या करायच्या, परत घरी येऊन मुलांना घेऊन बसायचं. बाई गाणारी म्हटलं की मान-मानधन दोन्ही हात आखडून. आईच्या वाट्याला आलेली ही वागणूक किशोरी आमोणकरांनी लहानपणी जवळून पाहिली होती. पुढे किशोरीताई मैफलीच्या शिस्तीबाबत, श्रोत्यांच्या वागण्याबाबत इतक्या कडक का होत्या, याचं उत्तर मला तिथेच सापडतं. लोक त्यांना तापट म्हणायचे. म्हणोत बापडे.

मोगूबाईंनी मुंबईत किशोरीताईंसारखीच कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, पद्मा तळवलकर अशा शिष्यांना विद्या दिली. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता गावाचं. आपल्या मुळशीकरांना हे वेगळं समजवायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात आपल्या आज्या-पणज्या धरणाविरुद्ध उभ्या राहिल्या, तरी मुळेचं खोरं पाण्याखाली गेलंच आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. मोगूबाई मुंबईत पोचल्या ते हेच दिवस. पुढे कुर्डीवरही तीच वेळ आली. साळावली धरणाच्या पाण्यात १९८६च्या सुमारास गाव बुडालं, माणसं वाडे आणि वालकिणीला जाऊन राहिली. तेव्हा मोगूबाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. नावातलं ‘कुर्डीकर’ तेवढं त्यांच्याजवळ राहिलं. २००१ साली त्या गेल्या.

दर उन्हाळ्यात, मे महिन्यात, पाणी ओसरलं की कुर्डीचे चौथरे आणि सोमेश्वराचं देऊळ वर येतं. जुने गावकरी त्या दिवसांत तिथे जमतात, देवाला नारळ ठेवतात, आपापल्या घराची जागा मुलांना दाखवतात. पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा सगळीकडे पाणी.