खेळाडूचा वस्ताद होतो तेव्हा

तालमीत शिरलेला पोर प्रथम लाल मातीला हात लावतो, ती माती कपाळी लावतो आणि मग हौद्याच्या कडेला बसलेल्या वस्तादाच्या पायांवर डोके ठेवतो. त्या वस्तादाने आपल्या उमेदीच्या काळात किती कुस्त्या मारल्या व किती गमावल्या, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘पठ्ठा कोणाचा?’ एवढाच प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरात वस्तादाची सारी थोरवी सामावलेली असते. मल्लविद्येत ही गोष्ट इतकी रुळलेली असता, इंग्रजी अमदानीत आलेल्या मैदानी खेळांच्या बाबतीत मात्र ती महाराष्ट्राला नव्याने शिकावी लागली. ज्याला स्वतःला मोठे होता आले नाही तो दुसऱ्याला काय मोठे करणार, असा समज तेथे पुष्कळ वर्षे रूढ होता. या समजाला खोटे पाडणारी दोन माणसे, एक गुरू व एक शिष्य, मुंबईच्या एकाच मैदानावर घडली.

वस्तुतः हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद पडतो. निवाडा व्हावा म्हणून त्यांना स्वतः नाचून दाखवावयास कोणी सांगत नाही. शिष्येची परीक्षा घ्यावी असे ठरते. कला अंगी असणे ही एक शक्ती आणि ती दुसऱ्याच्या अंगी उतरविणे ही दुसरी, हा भेद तेथे परिव्राजिका कौशिकी मोठ्या मार्मिकपणे दाखवून देते.

सातासमुद्रापलीकडेही याच भेदाचा प्रत्यय आलेला आहे. अमेरिकेत १८९१ साली बास्केटबॉलचा खेळ ज्यांनी निर्माण केला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले शिक्षक झाले. त्यांच्या कारकीर्दीत त्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाचा जनक, पण शिक्षक म्हणून जमेपेक्षा खर्चाची बाजू मोठी! हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, असे त्यांचे मत असल्याचे सांगतात. त्यांचाच विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन याने मात्र ते मानले नाही. त्याने त्याच विद्यापीठात एकंदर ३९ हंगाम संघ घडविण्याचे काम केले आणि १९५२ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. खेळ जाणणे वेगळे आणि खेळाडू घडविणे वेगळे, हे त्या गुरुशिष्यांच्या आकड्यांतूनच स्पष्ट होते.

आता महाराष्ट्राकडे वळू. राजापूरच्या खाडीत एके काळी परदेशी गलबते येत असत. खाडी गाळाने भरत गेली तशी मोठी जहाजे मुखाशी असलेल्या जैतापुरासच थांबू लागली. पुढे त्याच जैतापुराहून, तसेच विजयदुर्ग, देवगड व मालवण या बंदरांतून, आगबोटींनी कोकणचा तरुण मुंबईस पोटासाठी गेला. गिरण्या, गोदी, कचेऱ्या आणि पेढ्या यांत तो चाकरमानी म्हणून रुजला. आणि त्याच्या मुलांनी चाळींच्या अंगणांतून व मोकळ्या मैदानांतून क्रिकेटचा खेळ आपलासा केला. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत राजापूर व मालवण हे दोन्ही तालुके एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. त्या मालवणात १९३२ साली रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म झाला.

आचरेकरांची खेळाडू म्हणून कारकीर्द थोडक्यात सांगण्याजोगीच आहे. १९४३ च्या सुमारास त्यांनी खेळास आरंभ केला. १९४५ साली ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबाकडून खेळू लागले. पुढे यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांतून त्यांनी हजेरी लावली. स्टेट बँकेत त्यांना नोकरी होती. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद्-दौला सुवर्णचषकाच्या स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघातून हैदराबादविरुद्ध ते एक प्रथम श्रेणीचा सामना खेळले. तो पहिला आणि तोच शेवटचा. एवढ्यावर त्यांचे नाव कोणाच्या ध्यानी राहण्याचे कारण नव्हते.

परंतु ज्याला आपल्या बळाची मर्यादा नीट कळली, त्याला दुसऱ्याचे बळ ओळखण्याची दृष्टी येते. आचरेकरांनी शिवाजी पार्कवर मुले शिकविण्यास घेतली. पुढे कामत मेमोरियल क्रिकेट क्लब काढला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाला आकार दिला. त्यांच्या शिकवणुकीचे मर्म असे की, मुलाने जाळ्यात चेंडू टोलविण्यापेक्षा सामने अधिक खेळावेत. चूक सामन्यात घडते, तेव्हा ती सामन्यातच सुधारावी. म्हणून सुटीच्या दिवसांत ते होतकरू मुलाला आपल्या स्कूटरवर मागे बसवीत आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन पुन्हा फलंदाजीस उतरवीत. सराव संपत आला, मुलगा थकला, की यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने त्रिफळा उडविला तर नाणे त्याचे. फलंदाज शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याचे. सचिन तेंडुलकर यांनी अशी तेरा नाणी मिळविली आणि आयुष्यभर जपली.

हे तेंडुलकर १९८४ साली अकरा वर्षांचे असताना, थोरले बंधू अजित यांच्यासमवेत, आचरेकरांकडे आले. गुरुजींच्या नजरेखाली मुलगा बुजला आणि पहिली परीक्षा फसली. तेव्हा अजित यांनी, थोडे दूर राहून, त्याच्या नकळत पाहावे अशी विनंती केली. दुसरा एखादा शिक्षक आपला शब्द फिरविण्यास कमीपणा मानता. आचरेकर दूर जाऊन उभे राहिले, त्यांनी पाहिले आणि मुलाला घेतले. शिक्षकाच्या अंगी लागणारा हा गुण धावफलकावर कोठेच नोंदला जात नाही.

आचरेकरांच्या या उद्योगाच्या काळातच देशात खेळाचे शिक्षण हा स्वतंत्र पेशा म्हणून आकारास येत होता. १९५३ साली राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची शिक्षणयोजना सुरू झाली. १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. १९८५ पासून शिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. तो पुरस्कार १९९० साली आचरेकरांना मिळाला आणि २०१० साली ते पद्मश्री झाले. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार अशी त्यांच्या शिष्यांची नामावळी मोठी आहे. परंतु वस्तादाची खरी कसोटी मोठ्या पठ्ठ्यांवरून होते तशीच, किंबहुना अधिक, ज्यांना आखाड्याने न्याय दिला नाही त्यांच्यावरून होते. म्हणून येथे दुसऱ्या एका शिष्याची हकीकत पाहणे अगत्याचे आहे.

१९८८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात हॅरिस ढाल स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात, आझाद मैदानावर, शारदाश्रमाच्या तेंडुलकर व कांबळी यांनी सेंट झेवियर्स विरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. पण यांच्यातील एक जण बाद झाल्यावर खेळावयास जाणारा तेरा वर्षांचा मुलगा पायांना पॅड बांधून तंबूत बसला होता आणि डाव घोषित होईपर्यंत त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार.

त्या दिवसाने जणू त्याचे भविष्यच वर्तविले. १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध मुझुमदार रणजी स्पर्धेचा पहिला सामना खेळले आणि २६० धावा करून गेले. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील ही जगातील सर्वोच्च धावसंख्या होती आणि तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला. तथापि भारताच्या संघात त्याच सुमारास तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांनी मधल्या फळीतील जागा व्यापून टाकल्या. मुझुमदार धावा करीत राहिले आणि निवडीचे पत्र आलेच नाही. मुंबईनंतर ते आसामकडून आणि शेवटी आंध्रकडून खेळले. २०१४ साली निवृत्त झाले तेव्हा १७१ सामने, ११,१६७ धावा व ३० शतके त्यांच्या नावावर होती. देशाकडून सामना एकही नव्हता.

या प्रवासातील एक प्रसंग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. २००६-०७ च्या रणजी हंगामात मुंबईचे नेतृत्व मुझुमदार यांच्याकडे होते. पहिले तीनही सामने मुंबईने गमावले. उपान्त्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात तर एकही धाव न होता पाच गडी तंबूत परतले. तेथून सावरून मुंबईने तो सामना जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून चषक मिळविला. तीन पराभव पाठीशी असता संघाला उभे कसे ठेवावे, हा धडा त्यांनी कर्णधार म्हणून गिरवून ठेवला होता. तो पुढे कामी यावयाचा होता.

निवृत्तीनंतर त्यांनी नवा पेशा पायरीपायरीने चढून घेतला. नेदरलँड्सच्या फलंदाजांना शिकविले, राजस्थान रॉयल्स या संघाकडे काम केले, २०१९ साली भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाला फलंदाजीचे मार्गदर्शन केले आणि २०२१ साली मुंबईच्या संघाची धुरा घेतली. २०२२ च्या जून महिन्यात बंगळूर येथे रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईची गाठ मध्य प्रदेशाशी पडली. मध्य प्रदेशाचे शिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच पठ्ठे. पंडित पाच कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक. याच बंगळुरात १९९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना त्यांनी अंतिम सामना गमावला होता. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच राज्याला, खेळाडू म्हणून जे देता आले नाही ते त्यांनी शिक्षक म्हणून दिले. मुझुमदार यांच्या पदरी पुन्हा प्रतीक्षा आली.

२०२३ च्या ऑक्टोबरात भारताच्या महिला संघाचे मुख्य शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. देशाकडून एकही सामना न खेळलेल्या माणसाच्या हाती देशाचा संघ दिला गेला. या संघाने २००५ व २०१७ साली विश्वचषकाचा अंतिम सामना गाठून गमावलेला होता. २०२५ साली स्पर्धा भारतात भरली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले. इंग्लंडविरुद्धचा सामना तर अवघ्या चार धावांनी गेला. पुन्हा तीन पराभव! परंतु ही वाट शिक्षकाच्या पायाखालची होती. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्स हिला परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यात आले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताने तो सामना पाच गडी राखून जिंकला. २ नोव्हेंबरला तेथेच दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक मिळविला. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर हिने मुझुमदार यांच्या पायांना हात लावला. तालमीतील तो जुना शिरस्ता क्रिकेटच्या हिरवळीवर साऱ्या देशाने पाहिला.

यावरून असा सिद्धान्त काढणे मात्र धोक्याचे ठरेल की, अपयशी खेळाडू तेवढा उत्तम शिक्षक होतो. अपयशाने कित्येक माणसे कडवट होतात आणि तो कडवटपणा मुलांच्या माथी मारतात. आचरेकर व मुझुमदार यांच्यात समान होते ते दुसरेच काही. आपल्याला जे मिळाले नाही त्याचा हिशेब त्यांनी शिष्यांकडे मागितला नाही. ज्याला सारे सहज साधते त्याला आपण ते कसे साधले हे पुष्कळदा सांगता येत नाही. ज्याला प्रत्येक धाव कष्टाने मिळवावी लागते, त्याला तिची वाट पाऊलपाऊल ठाऊक असते. शिवाय वगळलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हे अकरा हजार धावा करून बाहेर राहिलेल्या माणसास जितके उमगेल तितके कोणास उमगणार?

राजापूरजवळ उन्हाळे येथे गंगा अकस्मात प्रकट होते, काही काळ वाहते आणि मग दिसेनाशी होते. ती नसते तेव्हा कुंडे कोरडी पडतात, पण गावकरी ती आटली असे म्हणत नाहीत. ती येईल असे म्हणतात. भात कापून मोकळ्या झालेल्या कोकणातील मळ्यांत आज शेकडो मुले बॅट घेऊन धावत असतात. त्यांतील बहुतेकांना कोणत्याही मोठ्या संघात जागा मिळणार नाही, हे गणित साधे आहे. अशा मुलाच्या घरच्यांनी त्याची वर्षे फुकट गेली असे म्हणण्याची घाई करू नये. निवड समितीचा निकाल हा खेळाडूपुरता असतो. त्याच्या विद्येचा निकाल त्याचे शिष्य लावतात आणि त्याला कधी कधी तीस वर्षे लागतात.