अर्धा तास आणि एक सही: ग्रंथालयातल्या संगणकाच्या नियमांचा इतिहास

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणकांच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. बहुतेकांनी तो पाहिलाय, वाचलाय फार थोड्यांनी. पादत्राणे बाहेर काढावीत. बाहेरची डिस्क लावू नये. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बसू नये. नोंदवहीत नाव, वर्ग, मोबाईल नंबर लिहून सही करावी. वैयक्तिक कामासाठी संगणक वापरू नये. आज मला या कागदाचाच इतिहास सांगायचाय. कारण त्यातली प्रत्येक ओळ त्या त्या काळातल्या कुठल्या ना कुठल्या टंचाईतून किंवा भीतीतून आलेली आहे. टंचाई गेली, ओळ मात्र राहिली.

चपलांचं आधी उरकून घेऊ. सुरुवातीचे संगणक धुळीला आणि उष्णतेला जपायचे. सोलापूरच्या एप्रिल-मेबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून बंद खोली, एसी, दाराशी चपलांची रांग. देवघरासारखा थाट! फ्लॉपीचा नियमही त्याच काळातला. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. तो फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. पुढे फ्लॉपी जाऊन पेनड्राइव्ह आला, कागदावर फक्त शब्द बदलला. हा नियम अगदीच निरर्थक नाही, पण काम पेनड्राइव्हवर नेता येत नसेल तर दुसरी सोय काय, हेही त्या कागदावर लिहायला हवं. ते सहसा नसतं.

आता अर्ध्या तासाकडे या. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत. चित्रांसकट पानं दिसणाऱ्या वैयक्तिक खात्याचा दर होता 15,000 रुपये, आणि त्यात मिळायचे 250 तास. हिशेब करा, तासाला साठ रुपये. फोनचं बिल वेगळं. आपल्यासारख्या गावातून बाहेरगावच्या केंद्राला फोन लावायचा तर एसटीडी. अशा वेळी घड्याळ लावून बसवणं हा कंजूषपणा नव्हता, ती वाटणी होती. पुढे 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाची. यूपीएसवर जेवढा वेळ चालेल तेवढ्यात सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं. अर्धा तास असा दोनदा जन्मला, एकदा फोनच्या तारेतून, एकदा विजेच्या तारेतून.

नंतर चित्र बदललं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट कार्यक्रम 1991 पासूनचा. त्याच्यामार्फत 2010 मध्ये ‘एन-लिस्ट’ आलं आणि महाविद्यालयांना हजारो ई-पुस्तकं, नियतकालिकं स्वस्तात मिळू लागली. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तोवर आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो. आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ ते हेच. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे, तीन वर्षांसाठी 6,000 कोटींची तरतूद. म्हणजे वाचायला साहित्य अफाट झालं. त्याबरोबर नवा नियमही आला, एका दमात ढीगभर लेख उतरवून घ्यायचे नाहीत. हा प्रकाशकांच्या करारातला नियम, आणि तो मोडला की त्या संस्थेचाच प्रवेश बंद होऊ शकतो. अमेरिकेत 2011 साली आरन स्वार्ट्झ या तरुणाला एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोरचे लाखो लेख उतरवल्याबद्दल अटक झाली. 2013 मध्ये, खटला उभा राहायच्या आधीच, त्याने आत्महत्या केली. एका लेखाला काही मिनिटं आणि संगणकावर अर्धा तास, हे गणित शोधनिबंध लिहिणाऱ्याला कसं जमायचं, हा प्रश्न करार करणाऱ्यांना पडत नाही.

मला जास्त बोलायचंय ते ‘वैयक्तिक काम’ या शब्दांवर. ते लिहिले गेले तेव्हा वैयक्तिक म्हणजे ईमेल, चॅटिंग, सिनेमा. आज घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याचं वैयक्तिक काम म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज. महाडीबीटीवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागची गुणपत्रिका, सगळं स्कॅन करून ठरावीक केबीच्या आत बसवून चढवायचं. ओटीपी यायचा तो बापाच्या फोनवर, आणि बाप कामावर. आता हे कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून येणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहा. कुंभारी अक्कलकोट रस्त्याला, केगावचं विद्यापीठ पुणे रस्त्याला. शहराची दोन टोकं. तिने येऊन नंबर लावायचा, बसायचं, आणि सर्व्हर अडकला की अर्धा तास संपला. ज्याच्या खिशात चांगला फोन आणि घरी लॅपटॉप, त्याला या नियमाचा त्रासच नाही. तो ग्रंथालयाच्या संगणकापाशी येतोच कशाला? नियम सर्वांसाठी सारखा, पण तो लागतो फक्त दुसरीकडे सोय नसलेल्याला. रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यात वेळ वाचकाचा आहे, यंत्राचा नाही.

आणि आता ती नोंदवही. सही करून आत जाणं ही वाचनालयांची जुनीच रीत. पण मोबाईल नंबर कधी आला? सायबर कॅफेंच्या भीतीबरोबर. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर 2000 मध्ये लागू झाला. 2011 च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र, वर्षभर जपायची नोंद, साडेचार फुटांपेक्षा उंच आडोसा नको, असं सगळं ठरवून दिलं. हे नियम धंदा म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या ग्रंथालयांनी त्यांचा साचा उचलला. बाहेरच्या कॅफेला आहे ते आपल्यालाही असावं, एवढाच विचार.

त्याच सुमारास अमेरिकेत उलटं घडत होतं. 2001 च्या पॅट्रियट कायद्याने वाचकांच्या नोंदी मागायचा सरकारचा अधिकार वाढवला, तेव्हा तिथल्या काही ग्रंथपालांनी संगणकाच्या नोंदी रोजच्या रोज फाडून टाकायला सुरुवात केली. कुणी काय वाचलं हे जपायचं नाही, हीच त्यांची व्यावसायिक निष्ठा.

आपल्याकडे प्रश्न सरकारच्या आधी शेजारच्या टेबलाचा आहे. वही उघडी पडलेली असते. पान उलटलं की मागच्या आठवड्यातल्या सगळ्या मुलींची नावं, वर्ग, मोबाईल नंबर. फोटो काढायला दोन सेकंद लागतात. नको ते फोन येऊ लागले की ती मुलगी तक्रार करत नाही, यायचंच बंद करते, आणि ग्रंथालयाला वाटतं वापर घटला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा इथे मदतीला येईल असं वाटतं, पण तो डिजिटल माहितीला लागू होतो किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. दोरीला पेन बांधलेली कागदी वही त्यात बसत नाही. ती ग्रंथपालाच्या शहाणपणावरच सोडलेली आहे.

आणि शहाणपणाला खर्च काही नाही. ओळखपत्राचा क्रमांक पुरतो, मोबाईल नको. वही कर्मचाऱ्याच्या बाजूला, एका दिवसाला एक सुटं पान, संध्याकाळी कपाटात. एक संगणक अर्जांसाठी वेगळा, त्याला घड्याळ नाही. रांग असेल तरच पुढच्याला जागा द्यायची. उठताना लॉगआउट केलं का, हे विचारणारं कुणीतरी असावं, कारण मागचा विद्यार्थी खातं उघडं टाकून गेला की पुढचा त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत पोचतो. आणि भिंतीवरच्या त्या कागदाखाली तारीख घालावी. कधीचा नियम आहे हे दिसलं, तर तो अजून हवा का, हे विचारायला सोपं जातं.

वेळ झालाय. कुणी ग्रंथपाल मंडळी ऐकत असतील तर त्यांचे प्रश्न आधी घेऊ.