लाकडी घर उतरवणे

'''लाकडी घर उतरवणे''' म्हणजे लाकडी सांगाड्याचे जुने घर यंत्राने न पाडता हातांनी, टप्प्याटप्प्याने सुटे करणे आणि त्यातील लाकूड, कौले, विटा व लोखंडी सामान पुन्हा वापरण्याजोगे वाचवणे.

== पार्श्वभूमी ==
उत्तन हे ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील, अरबी समुद्राकाठचे मासेमारीचे गाव आहे. किनारपट्टीवरील जुन्या घरांत लाकडी खांब, तुळया, आढे, वासे व रिपा आणि वर मंगलोरी कौले अशी रचना आढळते. ही कौले बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यामुळे प्रचारात आली. ब्रिटिश काळात मुंबई बंदरात ब्रह्मदेशी साग मोठ्या प्रमाणावर येत असे. सागात नैसर्गिक तेल असल्याने तो वाळवी व दमट हवेला बराच काळ दाद देत नाही. खाऱ्या हवेने खिळे गंजून गेले तरी आतले लाकूड अनेकदा शाबूत असते.

== कामाचा क्रम ==
घर ज्या क्रमाने बांधले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते उतरवतात. पावसाळ्यापूर्वीचा कोरडा काळ यासाठी सोयीचा असतो.

# वीज व पाण्याची जोडणी तोडणे. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीला टेकू देणे.
# दारे, खिडक्या, बिजागऱ्या व कड्याकोयंडे काढणे.
# आढ्यापासून खाली, दोन्ही उतारांवरची कौले सारख्या प्रमाणात उतरवणे. एकच बाजू मोकळी केल्यास भार असमान होऊन छप्पर कलण्याचा धोका असतो.
# रिपा, वासे व शेवटी आढे काढणे.
# तुळया दोरखंड व कप्पीने खाली घेणे; त्यानंतर भिंती व खांब उतरवणे.

जुन्या सुतारकामात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटीने पक्के केलेले असते. खुंटी ठोकून बाहेर काढल्यास सांधा न फुटता सुटतो. पहारीने उचकटल्यास लाकूड चिरते. घर पुन्हा उभारायचे असल्यास प्रत्येक भागावर क्रमांक घालतात.

== सामानाचा पुनर्वापर ==
खिळे काढून लाकूड लांबी व जाडीप्रमाणे लावतात. राहिलेला एखादा खिळाही करवतीचे पाते मोडू शकतो. वाळवी लागलेला भाग कापून टाकतात. चुन्याच्या दर्ज्यातील विटा सहज सुट्या होतात. सिमेंटमधल्या बहुधा फुटतात. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे. पुण्यातील कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात हलवून तेथे त्याची पुनर्रचना करण्यात आली आहे.

== सुरक्षितता ==
इमारती पाडण्याच्या सुरक्षेसाठी 'आयएस ४१३०' हे भारतीय मानक आहे. छपरावर काम चालू असताना खाली कोणी थांबू नये. शिरस्त्राण, जाड तळाचे बूट व हातमोजे आवश्यक असतात. गंजका खिळा रुतल्यास धनुर्वाताची लस घेणे गरजेचे ठरते. जुन्या रंगात शिसे, तर सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. असे रंग जाळू नयेत व पत्रे फोडू नयेत.

== पर्यावरण व कायदा ==
बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा रस्त्यावर वा गटारात टाकण्यास मनाई होती. उत्तनमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा आहे, कारण मीरा-भाईंदर शहराचा घनकचरा प्रकल्प याच परिसरात असून त्याविरुद्ध ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. लाकूड जाळल्यास तो हवेत जातो, पुन्हा वापरल्यास लाकडातच साठून राहतो.

== हेही पहा ==
* उत्तन
* साग
* मंगलोरी कौल