देवदर्शनाच्या गाडीला इसार देण्याआधी : ड्रायव्हर, कागद आणि घाटाची माहिती

सुगी उरकली की गावागावांत गाड्या ठरू लागतात. कुठे अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर, कुठे अष्टविनायक, कुठे शाळेची सहल, तर कुठे बचत गटाच्या महिलांची कोकण ट्रिप. वीस-पंचवीस माणसं मिळून ट्रॅव्हलर नाहीतर मिनीबस करतात. बोलणी होतात ती किलोमीटरच्या दरावर आणि एसी आहे की नाही यावर. ड्रायव्हर कोण, मोठी गाडी कुठे शिकला, काल रात्री झोपला का, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर गाडीतल्या सगळ्यांचा जीव याच तीन प्रश्नांवर असतो, आणि ते विचारायची वेळ इसार देण्याआधीची असते.

झालेले अपघात काय सांगतात

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण गेले.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार बंद झालं. काच फोडून जे बाहेर पडले ते वाचले.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण ठार झाले. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप उतारावरून खाली गेली आणि अनेकींचा जीव गेला. पिकअप हे मालवाहू वाहन आहे, माणसं नेण्याचं नाही.

घाट, रात्र, जादा माणसं आणि चुकीचं वाहन या चार गोष्टी या यादीत दिसतात. यातल्या बहुतेक गोष्टी गाडी ठरवतानाच टाळता येतात.

लायसन असणं वेगळं, हात बसलेला असणं वेगळं

कायद्यात ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी 'हलकं वाहन' धरली जाते. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस या वजनाच्या आतलं प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. बऱ्याच ट्रॅव्हलर या वजनाच्या आत बसतात. म्हणजे आयुष्यभर छोटी कार चालवलेला माणूससुद्धा कायद्याने ट्रॅव्हलर चालवू शकतो. कागद बरोबर असतो, पण लांब गाडीचा अंदाज हाताला असतोच असं नाही. म्हणून नुसतं लायसन बघून भागत नाही. या मापाची गाडी किती वर्षं चालवतो आणि ठरलेल्या घाटातून आधी गेला आहे का, हेही विचारावं.

७५०० किलोच्या वरच्या बससाठी मात्र ट्रान्सपोर्टचं लायसन लागतं. त्याला वय किमान २० वर्षं हवं, आणि हलक्या वाहनाचं लायसन घेऊन एक वर्ष झाल्याशिवाय शिकाऊ परवाना मिळत नाही. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे तारीख बघून घ्यावी.

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. तिथला हलक्या वाहनाचा कोर्स चार आठवड्यांत २९ तासांचा आणि जड वाहनाचा सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. आपल्याकडे बहुतेक ड्रायव्हर आधी किन्नर म्हणून फिरून, उस्तादाच्या शेजारी बसून शिकलेले असतात. ती शिकवणी वाया जात नाही, पण उस्तादाची वाईट सवयही शिष्याकडे जाते. उतारावर गाडी न्यूट्रल करणं ही त्यातलीच एक.

घाटात नेमकं काय होतं

उतारावर नुसता ब्रेक दाबून गाडी सांभाळली, की ब्रेक तापतात. तापलेले ब्रेक हळूहळू धरेनासे होतात. जळाल्याचा वास येणं हा पहिला इशारा. म्हणून जुना नियम आहे, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. गाडी इंजिनवर रोखली जाते आणि ब्रेकवर ताण कमी येतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, तर इंजिनाची ही रोख जाते. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट, कारण स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही संपत जाते. ब्रेक तापले तर सुरक्षित जागी गाडी लावून, चाकांना ओट देऊन आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नये, तडा जाऊ शकतो.

अरुंद घाटात समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, आत कापतात. त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला असलेला दुचाकीवाला किंवा पायी चालणारा माणूस सापडतो. चाकाच्या मागे बाहेर असलेला गाडीचा भाग उलट दिशेला झुकतो, तो यात्रेतल्या गर्दीत माणसाला लागू शकतो. मागे घेताना खाली एक माणूस उभा हवाच, आणि तो ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी.

टपावर गाद्या, भांडी, सिलिंडर चढवले की गाडीचा वजनाचा तोल वर जातो आणि वळणावर गाडी लवकर कलंडते. जड सामान खाली ठेवावं. भरलेला सिलिंडर प्रवासी गाडीत नेऊच नये.

झोपेचा हिशेब

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दंडक घालून दिला : दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. यात्रेत नेमकं उलटं होतं. माणसं रात्रभर गाडीत झोपतात, पहाटे दर्शनाच्या रांगेत लागतात. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि दिवसा पार्किंगच्या उन्हात, पत्र्याखाली दोन तास डोळा लावतो. संध्याकाळी 'चला दादा, मुक्कामाला गावी पोचू' म्हणून परत त्याच्याच हातात स्टेअरिंग. एक रात्र वाचवायच्या नादात हे केलं जातं.

रात्रीचा प्रवास टाळता येत नसेल तर दोन ड्रायव्हर ठरवावेत. मुक्काम असेल तर ड्रायव्हरला जेवण आणि झोपायला खोली द्यायची, हे आधीच बोलून घ्यावं. हा खर्च सगळ्यांत वाटला तर माणशी फार येत नाही.

कागद कसे बघायचे

भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात तिथेच अडचण येते. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला, की पासिंग आणि विम्याची मुदत दिसते. प्रवासी गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. आरसीवर किती सीट लिहिल्या आहेत ते मोजून तेवढीच माणसं न्यावीत. जादा माणसामागे दोनशे रुपये दंड आहे, पण खरी किंमत दंडाची नसते.

निघायच्या सकाळी

- टायर झिजलेले नाहीत ना आणि स्टेपनीत हवा आहे ना, बघावं.
- ब्रेक, हेडलाइट, मागचे लाल दिवे आणि वायपर चालू करून दाखवायला सांगावं.
- संकटकाळी बाहेर पडायची खिडकी किंवा दार कुठे आहे, ते उघडतं का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे सगळ्यांना एकदा दाखवावं. तिथे सामान रचू नये.
- आग विझवायचं नळकांडं आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, पाहावं.
- पुढच्या सीटवर जागं राहणारा, ड्रायव्हरशी बोलणारा एक जाणता माणूस बसवावा. मोठ्या आवाजात गाणी लावून ड्रायव्हरला नाचायला-गायला ओढू नये.
- दारूचा वास आला तर गाडी हलू देऊ नये, मग मालक कितीही ओळखीचा असो.

अपघात झालाच तर

१०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून कुणी पुढे निघून जाऊ नये.

इसाराच्या चिठ्ठीवर

एरवी चिठ्ठीवर तारीख, दर आणि दिलेली रक्कम एवढंच असतं. त्यात आणखी चार ओळी घालाव्यात : गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव व लायसनची मुदत, सीटची संख्या, आणि रात्री किती वाजेपर्यंत गाडी चालणार. मालकाने या चार ओळींवर सही केली तर गाडी ठरवावी. करायला कां-कू करत असेल, तर दर कितीही कमी असो, दुसरी गाडी बघावी.