जनुकांच्या जाळ्याची कसोटी

एक जनुक दुसऱ्याला आवर घालतं, हे फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या अभ्यासातून मांडलं. त्या काळी असा एकेक दुवा शोधायला वर्षं लागत. १९९०च्या दशकात मायक्रोअ‍ॅरे आले आणि हजारो जनुकांची पातळी एकदम मोजता येऊ लागली. मग या आकड्यांवरून कोण कोणाला हुकूम देतं याचं जाळं काढणाऱ्या अल्गोरिदमांचं पेवच फुटलं. पण ज्याने पद्धत काढायची, त्यानेच ती आपल्या निवडीच्या विदेवर तपासायची, असा सारा कारभार होता.

प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्यांनी यावरचा उपाय १९९४ पासूनच अवलंबला होता. त्यांच्या ‘कॅस्प’ स्पर्धेत प्रयोगशाळेत उलगडलेली, पण अजून जाहीर न झालेली रचना ओळखायची असे. त्याच धर्तीवर गुस्ताव्हो स्टोलोव्हिट्स्की आणि आंद्रेआ कॅलिफानो यांनी २००६ मध्ये जनुकांच्या जाळ्यांसाठी ‘ड्रीम’ ही स्पर्धा सुरू केली. मात्र इथे मोठीच पंचाईत होती: कुठल्याही सजीवाचं संपूर्ण जाळं कोणालाच ठाऊक नव्हतं. मग ताडून पाहायचं कशाशी?

लोझानच्या दानिएल मारबाख आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय व यीस्टच्या ज्ञात जाळ्यांचे तुकडे घेतले, संगणकात ते समीकरणांनी चालवले आणि त्यातून कृत्रिम मोजमापं काढली. नेपल्सच्या शास्त्रज्ञांनी तर २००९ मध्ये जिवंत यीस्टमध्येच पाच जनुकांचं जाळं बांधलं. गॅलॅक्टोज दिलं की ते चालू, ग्लुकोज दिलं की बंद. ठाऊक असलेलं उत्तर जिवंत पेशीत रचण्याची ही कल्पना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत धाडसी वाटते.

गुण कसे द्यायचे, हाही प्रश्न सोपा नव्हता. १०० जनुकांत दिशेसह ९,९०० जोड्या संभवतात. खरे दुवे त्यांतले मोजकेच. ‘कुठेच दुवा नाही’ असं बेधडक सांगणाराही बहुतेक जोड्यांबाबत बरोबरच ठरेल. म्हणून दाखवलेल्या दुव्यांपैकी खरे किती आणि खऱ्यांपैकी सापडले किती, हे दोन्ही एकत्र पाहायची रीत पडली.

२०१०च्या पाचव्या ‘ड्रीम’मध्ये जनुकांची नावं झाकून एकूण ३५ पद्धती पारखल्या गेल्या. ई. कोलायसाठी आधार होता तो मेक्सिकोत वर्षानुवर्षं निगुतीने जोपासलेल्या ‘रेग्युलॉनडीबी’ या संग्रहाचा. यीस्टमध्ये जवळपास सगळ्यांचीच दाणादाण उडाली. अटकळीपेक्षा थोडंसंच बरं. एकच पद्धत सगळीकडे सरस ठरली नाही. सर्वांची भाकितं एकत्र केली तेव्हा मात्र निकाल भरवशाचा आला.

त्या एकत्रित ई. कोलाय जाळ्यातले अनेक दुवे आधी कुठेच नोंदलेले नव्हते. संग्रहाशी ताडले असते, तर ते चुकीचेच ठरले असते. संशोधकांनी त्यांतल्या ५३ दुव्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली. त्यांपैकी २३ दुव्यांना पुरावा मिळाला.