टॉप गिअरने ढकलत नेलेली टेस्ला: गाडीच्या रिव्ह्यूवर विश्वास किती ठेवायचा?

साक्रीतल्या माझ्या आतेभावाने परवा एक रील पाठवलं. लाल इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार, मागे डोंगर, आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात '५८० किमी रेंज'. खाली त्याचा प्रश्न, "भाऊ, हे खरं राहतं का?"

गाडी होती एमजीची सायबरस्टर. २०२५ मध्ये भारतात आली, किंमत सुमारे ७५ लाख. भाऊ ती घेणार नाहीये, हे त्यालाही माहितीये आणि मलाही. पण ज्या चॅनेलवर तो ही बघतो, त्याच चॅनेलच्या भरवशावर उद्या तो पंधरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी बुक करेल, तीही कर्ज काढून. त्यामुळे प्रश्न साधा नाही. आणि या प्रश्नावर एकदा थेट लंडनच्या हायकोर्टात भांडण झालंय.

तर झालं असं. १४ डिसेंबर २००८ ला बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमात टेस्ला रोडस्टरचा रिव्ह्यू आला. टेस्ला तेव्हा नवखी कंपनी होती आणि रोडस्टर ही तिची पहिली गाडी. कंपनीने टेस्टसाठी दोन गाड्या दिल्या. जेरेमी क्लार्कसनने आधी गाडीच्या वेगाचं तोंड भरून कौतुक केलं. मग सूर बदलला. कंपनी २०० मैल सांगते, पण आमच्या हिशोबाने आमच्या ट्रॅकवर ही ५५ मैलांतच संपेल, असं निवेदन आलं. पाठोपाठ दृश्य दिसलं, माणसं रोडस्टर ढकलत शेडमध्ये नेतायत. नंतर एका गाडीची मोटर तापली आणि दुसरीचे ब्रेक बिघडले, असंही सांगितलं गेलं.

५५ मैल म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर साक्रीहून निघून धुळ्याला पोचाल, कामं उरकाल, आणि परत येताना नेरच्या मागेपुढे कुठेतरी हायवेच्या कडेला उभे राहाल. असं चित्र डोक्यात बसल्यावर ती गाडी कोण घेईल?

टेस्लाचं म्हणणं होतं की दोन्हीपैकी एकाही गाडीची बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेलीच नव्हती. ब्रेकचा मुद्दा एका उडालेल्या फ्यूजचा होता, त्याने पेडल जड होतं, ब्रेक जात नाहीत. म्हणजे गाडी ढकलण्याची वेळ आलीच नव्हती! बीबीसीचं उत्तर असं की गाडी बंद पडली असं आम्ही कधी म्हटलंच नाही, बंद पडली तर काय होईल ते दाखवलं. आणि ५५ चा आकडा टेस्लाच्याच तंत्रज्ञांकडून आला होता. शूटिंगच्या आधीच स्क्रिप्ट लिहिलेली होती, हा टेस्लाचा आणखी एक आरोप. त्यावर निर्मात्याने सांगितलं की गाडी आम्ही आधी चालवून पाहिली होती, मत तेव्हाच बनलं होतं.

मार्च २०११ मध्ये टेस्लाने बदनामी आणि द्वेषबुद्धीने केलेली खोटी विधानं, असे दोन्ही दावे ठोकले. दोन्ही फेटाळले गेले. ट्रॅकवर जीव तोडून पळवलेल्या गाडीची रेंज आणि रस्त्यावरची रेंज यात फरक असतो, हे समजूतदार प्रेक्षकाला कळतं, असं न्यायमूर्ती टुगेंडहॅट यांचं म्हणणं पडलं. शिवाय कार्यक्रमामुळे नेमकं किती नुकसान झालं, तेही टेस्लाला दाखवता आलं नाही. मार्च २०१३ मध्ये अपिलातही टेस्ला हरली.

कायद्याने निकाल बरोबर असेल. तरी माझं मत विचाराल तर त्या रिव्ह्यूत गडबड होतीच, आणि ती बोललेल्या वाक्यात नव्हती. वाक्य 'संपेल' असं होतं, दृश्य 'संपली' असं सांगत होतं. टीव्हीवर माणूस दृश्य लक्षात ठेवतो. खाली 'हे दृश्य अभिनित आहे' एवढी एक ओळ टाकली असती, तर एवढं भांडण झालं असतं का?

टॉप गिअरचा एक किस्सा मात्र इथे सांगायलाच हवा. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी त्याच ट्रॅकवर पाच पेट्रोल सुपरकार एकेक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पेट्रोलवर पळवल्या होत्या. सगळ्यात लांब गेली ती ऑडी आर८, आणि तीसुद्धा फक्त ५ मैल. साडेचार लिटरमध्ये ८ किलोमीटर! म्हणजे ट्रॅकवर पेट्रोल गाड्याही तितक्याच खादाड असतात, आणि हे टॉप गिअरने स्वतःच दाखवलं होतं. पण त्यावर सगळे हसले, 'पेट्रोल गाडी बिनकामाची' असा निष्कर्ष कुणी काढला नाही. रोडस्टरच्या वेळी तोच ट्रॅक निकाल ठरला. चार्जिंगला लागणारा वेळ हा मुद्दा खरा होता, पण तो वेगळा मुद्दा आहे.

मग ५८० चं काय?

आपल्याकडे रेंजचा आकडा रस्त्यावर मोजत नाहीत. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या पद्धतीने चालवतात, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो. या भारतीय पद्धतीने सायबरस्टर ५८० किमी जाते. हीच दोन मोटरवाली सायबरस्टर ब्रिटनमध्ये तिथल्या चाचणीनुसार ४४४ किमीची म्हणून विकली जाते. गाडी तीच, बॅटरी तीच. कुणी खोटं बोललेलं नाही, फक्त परीक्षेचा पेपर वेगळा आहे. आता त्यात मे महिन्यातलं खानदेशाचं ऊन, चालू एसी, सुरत हायवेचा वेग आणि कोंडाईबारीचा घाट घाला. आकडा कुठल्या दिशेने जाईल ते सांगायला नको.

आता गंमत बघा. टॉप गिअरमध्ये पूर्वग्रह गाडीच्या विरोधात होता असं टेस्लाचं म्हणणं. आपल्याकडे वारा बहुतेक उलटा वाहतो. कंपनी रिव्ह्यूवाल्यांना बोलावते, विमानाचं तिकीट, हॉटेल, गाडी सगळं तिचं. रिव्ह्यू किती वाजता टाकायचा ती वेळही तीच ठरवते, म्हणून एकाच सकाळी तुमच्या फीडमध्ये तीच गाडी आठ वेळा दिसते. यात सगळे विकले गेलेत असं अजिबात नाही, चांगलं काम करणारे आहेत. पण पुढच्या गाडीलाही बोलावणं यावं असं वाटणाऱ्या माणसाची जीभ जरा जपूनच चालते.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सरकारची वेगळी पुस्तिका आली. पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेल यातलं काहीही कंपनीकडून घेऊन प्रचार करत असाल, तर ते स्पष्ट दिसेल असं सांगायचं. डिस्क्रिप्शनच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलात तर ५० लाखांपर्यंत.

उलट्या बाजूचं प्रकरणही मुंबईत घडलंय. एका यूट्यूबरने पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ टाकला, मॅरिको कंपनी कोर्टात गेली, आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने व्हिडिओ काढायचा अंतरिम आदेश दिला. ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा जास्त, असं कोर्टाने म्हटलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण वाईट बोललं की कंपनी कोर्टात येऊ शकते, हा निरोप रिव्ह्यूवाल्यांपर्यंत पोचायचा तो पोचला.

भावाला मी उलट दोनच प्रश्न पाठवले. त्या व्हिडिओत गाडी फुल चार्ज करून शेवटपर्यंत चालवली का? आणि एसी चालू होता का? त्याने अकरा मिनिटांचा मूळ व्हिडिओ पुन्हा बघितला आणि रात्री मेसेज टाकला, "दोन्ही सांगेलच नाही भाऊ. गाडी कंपनीची होती, ते मात्र शेवटी बारीक अक्षरात लिहेल आहे."