हायड्रोजेल सूक्ष्मकण (प्रकाशाने घट्ट केलेले)

केसाएवढ्या रुंदीच्या वाहिनीतून वाहणाऱ्या द्रावणावर क्षणभर प्रकाश टाकून तयार केलेले, पाणी धरून ठेवणारे बहुवारिकाचे (पॉलिमरचे) बारीक कण. त्यांचा आकार काही मायक्रोमीटरपासून काहीशे मायक्रोमीटरपर्यंत असतो. निदान चाचण्या, पेशींवरील संशोधन आणि ऊतक अभियांत्रिकी ही त्यांची प्रमुख क्षेत्रे आहेत.

हायड्रोजेल म्हणजे पाण्यात फुगणारी, पण न विरघळणारी रेणूंची जाळी. सब्जाचे बी भिजवल्यावर त्याभोवती जो पारदर्शक गर जमतो, तो याचा घरोघरी दिसणारा नमुना. प्राग येथील ओटो विख्तेर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये वैद्यकीय उपयोगाच्या कृत्रिम हायड्रोजेलांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली.

सूक्ष्मकणांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कच्चा माल म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल डायॲक्रिलेट. पाण्याशी सहज मिसळणारी लवचीक साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक ॲक्रिलेट गट, अशी या रेणूची रचना असते. विक्रिया करणारी टोके दोन असल्यामुळे प्रत्येक रेणू दोन वेगळ्या साखळ्यांना सांधू शकतो आणि द्रावणाची जाळी बनते. ही विक्रिया सुरू करण्यासाठी त्यात थोडा प्रकाशप्रारंभक मिसळतात. प्रकाश पडताच त्याचे रेणू तुटून मुक्त मूलके निर्माण होतात आणि ती ॲक्रिलेट गटांना एकामागून एक जोडत जातात. बहुतेक प्रारंभकांना ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे जंबुपार किरण लागतात. जिवंत पेशी जेलमध्ये बंद करायच्या असतील, तर ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशातही काम करणारे, पाण्यात विरघळणारे प्रारंभक निवडतात, कारण जंबुपार किरणांनी पेशींना इजा होते.

या विक्रियेत ऑक्सिजन अडथळा आणतो. मुक्त मूलक ॲक्रिलेटपेक्षा हजारो पटींनी अधिक वेगाने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून तयार होणारे पेरॉक्सी मूलक साखळी पुढे नेण्यास जवळपास निकामी असते. विरघळलेला ऑक्सिजन संपेपर्यंत द्रावण द्रवच राहते. दंतवैद्य दातात भरलेले मिश्रण निळ्या प्रकाशाने घट्ट करतात, तेव्हा हवेला लागून असलेला वरचा पातळ थर चिकट राहतो. त्याचे कारणही हेच. रंग व लेपांच्या उद्योगात या अडथळ्यावर मात करण्यासाठी आजवर बरीच खटपट झाली आहे. सूक्ष्मवाहिन्यांच्या बाबतीत मात्र तोच उपकारक ठरला, आणि या तंत्राचे मर्म तिथेच आहे.

सूक्ष्मवाहिन्यांची चिप प्रयोगशाळांमध्ये बहुधा पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबराची करतात. साच्यावर ओतून, तापवून घट्ट केलेला रबराचा तुकडा सोलून काढला की त्यावर वाहिन्यांच्या खाचा उमटलेल्या असतात. तो काचेवर चिकटवला की चिप तयार. अशा वाहिनीत प्रवाह विलक्षण शिस्तीने वाहतो. १०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने जात असेल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) केवळ ०.१ च्या आसपास येतो. नळातील खळबळ सुरू व्हायला तो दोन हजारांच्या वर जावा लागतो. त्यामुळे दोन द्रावणे शेजारीशेजारी सोडली तरी ती ढवळली जात नाहीत, फक्त सीमेवर विसरणाने हळूहळू मिसळतात.

पीडीएमएसमधून ऑक्सिजन आरपार जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पॅट्रिक डॉयल यांच्या गटाने या गुणाचा उपयोग करून घेतला. धनंजय देंदुकुरी हे प्रमुख लेखक असलेला त्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. सूक्ष्मदर्शकात हव्या त्या आकाराची खिडकी असलेला मास्क बसवून त्यांनी वाहत्या द्रावणावर जंबुपार प्रकाशाचे झोत टाकले. खिडकी त्रिकोणी असेल तर त्रिकोणी कण, षट्कोनी असेल तर षट्कोनी. खरी अडचण कण घडवण्याची नव्हती, घडलेला कण वाहिनीच्या भिंतीला चिकटण्याची होती. ती ऑक्सिजनने सोडवली. भिंतीतून तो सतत झिरपत राहत असल्याने तिच्यालगतचा दोनतीन मायक्रोमीटरचा थर घट्ट होतच नाही. कण वर आणि खाली द्रवाच्या थरावर तरंगतो आणि प्रवाहाबरोबर सुटून पुढे जातो. खालची बाजू काचेची असेल, तर तिच्यावरही आधी पीडीएमएसचा पातळ लेप द्यावा लागतो, नाहीतर कण तिथेच जखडून बसतो. याच तत्त्वाचा मोठा आविष्कार पुढे २०१५ मध्ये जोसेफ डीसिमोन आणि सहकाऱ्यांच्या त्रिमितीय मुद्रण पद्धतीत दिसला. तिथे ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या तळाच्या खिडकीमुळे वस्तू तळाला न चिकटता सलग वर उचलता येते.

वाहत्या द्रावणावर प्रकाश टाकला की वेगवान प्रवाहात कणाच्या कडा पुसट होतात. म्हणून डॉयल यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्टॉप-फ्लो लिथोग्राफी’ मांडली: प्रवाह थांबवायचा, प्रकाश टाकायचा, प्रवाह पुन्हा सुरू करून कण बाहेर ढकलायचे. कृती साधी वाटते, पण रबरी वाहिनी दाबाखाली फुगलेली असते आणि दाब काढल्यावर ती पूर्ववत होईपर्यंत आतला द्रव सरकतच राहतो. सिरिंज पंपाऐवजी संकुचित हवेच्या दाबाने द्रव ढकलल्यावर हा थांबा सेकंदाच्या अंशावर आला. सोल येथे सुनघून क्वॉन यांच्या गटाने त्याच सुमारास मास्कच्या जागी सूक्ष्म आरशांची संगणकनियंत्रित जाळी वापरली. त्यामुळे आकार बदलण्यासाठी मास्क बदलण्याची गरज उरली नाही.

प्रवाहाच्या शिस्तीचा सर्वांत सुंदर उपयोग सांकेतिक कणांत झाला. डॅनियल प्रेगिबॉन, मेहमेत टोनर आणि डॉयल यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांची माहिती दिली. दोन प्रवाह शेजारून वाहत असताना त्यांच्यावर एकच आयत उमटवला, तर कणाचे एक टोक चमकणाऱ्या रंगद्रव्याचे आणि दुसरे डीएनएचे शोधतंतू असलेले होते. रंगीत टोकात बारीक छिद्रांची रचना असते. प्रत्येक जागी छिद्र आहे किंवा नाही, अशा वीस जागा धरल्या तर १०,४८,५७६ वेगवेगळे संकेत मिळतात. रक्तातील कोणता रेणू कोणत्या कणावर बसला हे संकेत वाचून कळते, म्हणून एकाच थेंबात अनेक चाचण्या एकदम करता येतात. सपाट काचपट्टीवर शोधतंतू फक्त पृष्ठभागावर बसतात. जेलमध्ये ते संपूर्ण घनफळात विखुरलेले असल्याने संवेदनक्षमता वाढते. मात्र मोठे रेणू आत शिरावेत म्हणून जाळी सैल हवी. त्यासाठी द्रावणात विक्रिया न करणारे लहान पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळतात आणि कण तयार झाल्यावर धुऊन काढतात. या कामातून २०१० मध्ये फायरफ्लाय बायोवर्क्स ही कंपनी निघाली. ती २०१५ मध्ये ॲबकॅमने घेतली. देंदुकुरी यांनी पुढे बंगळुरूत अचिरा लॅब्ज ही निदान क्षेत्रातील कंपनी सहसंस्थापक म्हणून उभी केली.

कण बनवण्याचा दुसरा मार्ग थेंबांचा. न मिसळणाऱ्या तेलाच्या प्रवाहाने जलीय द्रावण चिमटले की जवळजवळ एकसारखे थेंब तुटून पडतात. वाहिन्यांच्या टी-आकाराच्या सांध्यात असे थेंब पाडण्याचे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वाहिनीत प्रकाश पडला की थेंबाचा गोल कण होतो. उत्पादन भरपूर निघते, पण पृष्ठताणामुळे आकार बहुतेक गोलच. येथे ऑक्सिजन पुन्हा त्रासदायक ठरतो. थेंबांसाठी आवडीने वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त तेले ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात विरघळवतात, त्यामुळे थेंबाची बाहेरची साल घट्ट होत नाही आणि कण थेंबापेक्षा लहान निघतो. त्यावर उपाय म्हणून चिपभोवती नायट्रोजन खेळवतात.

गोल आकाराची मर्यादा ओलांडणारी एक युक्ती लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डिनो डी कार्लो यांच्या गटाने विकसित केली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि जिलेटिन थेंबातच एकमेकांपासून वेगळे होतात. प्रकाशाने फक्त पहिला भाग घट्ट होतो आणि जिलेटिनची जागा वाटीसारखी पोकळ राहते. या ‘नॅनोव्हायल’मध्ये एकेक पेशी बसते आणि तिने स्रवलेली प्रथिने वाटीतच पकडून मोजता येतात. असंख्य पेशींतून नेमकी उपयुक्त प्रतिपिंडे बनवणारी पेशी निवडण्यासाठी ही सोय मोलाची आहे.

मास्कच्या पद्धतीला कणाच्या जाडीची एक नैसर्गिक मर्यादा आहे. वाहिनीची उंची वजा दोन्ही भिंतींजवळचे द्रव थर, एवढीच कणाची जाडी मिळते. वाहिनी जेमतेम पाचसहा मायक्रोमीटर उंच केली, तर वरचा आणि खालचा थर एकमेकांना मिळतात आणि प्रकाश पडूनही आत काहीच घट्ट होत नाही. इतक्या उथळ वाहिनीत पातळ कण हवे असतील, तर चिपभोवतीचा ऑक्सिजन कमी करावा लागतो किंवा प्रकाश वाढवावा लागतो, आणि ते करताना कण सुटा ठेवणारा थर नाहीसा होणार नाही हेही पाहावे लागते.